होळीपर्यंतचं गाणं

३ मार्च

'थ्री-डी नको' हे आजही सांगता आलं नाही. मला हे काम देणारे उमाकांत सर पुण्याच्या ऑफिसातून फोनवर तासभर बोलत होते. संग्रहालयाला देणगी देणारे लोक ऑक्टोबरात येणार, त्यांना काहीतरी फिरणारं, चमकणारं दिसलं पाहिजे. मी हो हो म्हणत राहिले. काम हवंच आहे मला. हे नीट झालं तर पुढच्या पाच संग्रहालयांचंही मलाच मिळणार आहे.

सातपुड्यातल्या धडगावात येऊन आज आठवा दिवस. संग्रहालय म्हणजे दोन खोल्या. बांबूच्या टोपल्या, ढोल, तीरकामठे, धान्य साठवायची माणसाच्या उंचीची कणगी. प्रत्येक वस्तूसमोर पाटी — 'हात लावू नये'. आणि कोपऱ्यात नवीन टचस्क्रीन, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. तिच्यात या वस्तू भरायच्या आणि तिला हात लावा म्हणून मी सांगायचं.

राहायला खोली बरी आहे. वह्या-पेनांच्या दुकानामागे. दुकानदार सकाळी 'नमस्कार मॅडम' म्हणतो. दिवसातलं तेवढं एकच वाक्य कामाशिवायचं.

४ मार्च

लाइट नाही. काम नाही. कपडे धुतले.

७ मार्च

आज रेकॉर्डिंग झालं. डोंगरसिंग सरांबरोबर जीपने गेले. सर निवृत्त प्राथमिक शिक्षक, आता संग्रहालय सांभाळतात. इथले लोक घरी पावरी बोलतात, मला त्यातलं अक्षर कळत नाही, त्यामुळे प्रत्येक शब्दाला सर मध्ये लागतात. जीपमधून उतरून पाऊण तास चढ.

जमनाबाई अंगणात बसल्या होत्या. सत्तरीच्या असतील. त्यांचं गाणं आता दुसऱ्या कुणाला येत नाही, असं सर म्हणाले. सून आहे, रुपा, पण ती ऊसतोडीला गुजरातेत. जमनाबाई गाण्याआधी बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. सरांनी मला मराठीत एवढंच सांगितलं, "हे नव्या धान्याचं गाणं आहे." मी फाइलला तेच नाव दिलं.

गाणं सव्वाचार मिनिटांचं. आवाज पातळ, पण कुठे तुटत नाही.

मध्येच गोकुळचा फोन आला — माझा धाकटा भाऊ, खाली सपाटीवर सारंगखेड्याला शेती बघतो. मोटर जळाली म्हणून सांगत होता. मी तिथेच उभ्या उभ्या अहिराणीत बोलले, इथे कुणाला कळणार म्हणून. "आठे कोनले काय समजस? म्हातारी गास, मी रेकॉर्ड करस. काम झायं का निंघस." फोन ठेवला तेव्हा जमनाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

१९ मार्च

होळीला सगळं धडगाव रिकामं. माणसं आपापल्या पाड्यांवर. डोंगरसिंग सरांनी घरी बोलावलं होतं, मी काम आहे म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

कणगीचे चारशे फोटो काढून, जोडून, अकरा दिवसांत मी तिचं थ्री-डी मॉडेल केलं. बोटाने फिरवा, आत डोकवा, विणीची काडी न् काडी दिसेल. माझ्या लॅपटॉपवर काय सुंदर फिरतं! आज इथल्या छोट्या कॉम्प्युटरवर चढवलं. उघडायला चाळीस सेकंद. मग अर्धी कणगी आली. मग स्क्रीन काळी.

डोंगरसिंग सर मागे उभे होते. म्हणाले, "मॅडम, खरी कणगी इथंच आहे ना."

तीन फुटांवर.

२ एप्रिल

ठरवलं. थ्री-डी नाही. मोठं फ्रेमवर्कही नाही.

फ्रेमवर्क म्हणजे प्रोग्रामचा आयता सांगाडा, तो घेतला तर काम लवकर होतं, दिसायलाही छान. पण त्याच्यामागे शंभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या गोष्टी येतात, आणि त्यातली एक बदलली की बाकीच्या रुसतात. मी वर्षभरात जाणार. मग कोण बघणार? डोंगरसिंग सर. त्यांना फोल्डर कॉपी करता येतं, पेन ड्राइव्ह लावता येतो. म्हणून एकच फोल्डर. त्यात साधी पानं, चित्रं, आवाज. कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडणारं, इंटरनेट नसलं तरी चालणारं. बिघडलं तर पेन ड्राइव्हवरून पुन्हा टाकायचं, झालं.

आणि अक्षरं नाहीत. पावरी कोण वाचणार? चित्राला बोट लावलं की त्या वस्तूचं नाव, इथल्याच कुणाच्या तरी आवाजात.

वीस वर्षं मी असलं काम करतेय. एवढं साधं कधी केलं नव्हतं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत बघितली. शेवटी उमाकांत सरांना मेल लिहिली.

३ एप्रिल

सरांचं उत्तर — 'ओके, पण ऑनलाइन हवंच. क्यूआर कोड लावू, जगात कुणालाही ऐकता येईल.'

बरं.

२२ एप्रिल

काल आईचं वर्षश्राद्ध. सारंगखेड्याला जाऊन आले. नातेवाईक जेवले, गेले. गोकुळच्या बायकोने डबा बांधून दिला. कुणी वाईट वागलं नाही. पण दर फोनला "जेवनी का?" विचारणारं आता कुणी नाही, हे घरात गेल्यावर जास्त कळतं. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला कोण विचारणार म्हणा.

धडगावात मी दिवसभर पुस्तकी मराठी बोलते. डोंगरसिंग सरही माझ्याशी तशीच बोलतात, वर्गात उभे असल्यासारखी. दोघांचीही ती भाषा नाही.

१४ मे

स्क्रीन लावली. चार दिवस नुसती कोपऱ्यात बसून बघतेय. लोक येतात, हात मागे बांधतात, बघतात, जातात. स्क्रीनलाही हात लावत नाहीत. पाट्यांनीच शिकवलंय त्यांना.

आज सरांना म्हटलं, पाट्या काढू या. त्यांनी एकेक काढली आणि टेबलाच्या खणात रचून ठेवली. कारण विचारलं नाही. दुपारी एका बाईने आधी ढोलावर थाप मारली, मग स्क्रीनवरच्या ढोलावर. स्क्रीन 'ढोल' म्हणाली. बाई सोबतिणीला ओरडून काहीतरी म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या.

मला कळलं नाही काय म्हणाली ते. पण मीही हसले.

९ जून

वाईट झालं.

जमनाबाई बाजाराला आल्या होत्या, सोबत सून रुपा. सरांनी दोघींना आत आणलं. मला कोण आनंद. मी स्वतः स्क्रीनवर जमनाबाईंच्या फोटोला बोट लावलं. कालच चढवलेलं गाणं सुरू झालं. बाहेर पाऊस होता, म्हणून मी आवाज वाढवला.

जमनाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी डोक्यावरचा पदर सोडवला आणि स्क्रीनवर धरला. आवाज थांबेना. त्या पदराखालून हाताने स्क्रीन दाबत राहिल्या, एकदा, दोनदा, जोरात. मला बंद करायला सुचेपर्यंत त्या बाहेर पडल्या होत्या. भर पावसात. रुपा मागोमाग धावली. जाताना तिने माझ्याकडे जसं बघितलं तसं पूर्वी कुणी बघितलं नाही.

सरांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही पावसाळ्यात का लावलं?"

मी म्हटलं, "का म्हणजे?"

सर खाली बसले. म्हणाले, चूक त्यांची. नव्या धान्याचं गाणं म्हटलं की सगळं आलं, असं त्यांना वाटलं होतं.

१० जून

सकाळीच निघाले. एकटी. सर येतो म्हणाले, मी नको म्हटलं. माफी मागायला दुभाषी न्यायचा? चढावर पाऊस, चिखल, दोनदा घसरले, चिंब भिजले.

जमनाबाई ओट्यावर मका सोलत होत्या. मी समोर उभी राहिले आणि हात जोडले. मराठीत म्हटलं, "माझी चूक झाली." त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाल्या,

"बठ. वली व्हयनी तू."

अहिराणी. माझ्या आईची अहिराणी. मला वाटलं, मला भास झाला.

"तुम्हले अहिराणी येस?"

"तीस वरीस तुमनाकडे कपाशी येचाले ऊनू. मिरच्या तोडाले. मन्हा पोरं वावरना बांधवर निजेत. मंग नही येवाव?"

मी बसले. त्या मका सोलत बोलत राहिल्या.

"त्या रोज तू भाऊले सांगी ऱ्हायनी व्हती. म्हातारी गास, मी रेकॉर्ड करस. काम झायं का निंघस. माले सगळं समजनं."

"मंग बोलनात काब्र नही?"

"माले कोनी इचारं?"

लहानपणी आमच्या वावरातही डोंगरावरची माणसं यायची. दिवाळीनंतर यायची, काम संपलं की जायची. आई त्यांना भाकरी द्यायची, पण मी कधी एकीचंही नाव विचारलं नाही. त्या काय बोलतात ते आपल्याला कळत नाही, म्हणजे आपण बोलतो ते त्यांनाही कळत नसणार, असंच धरून चाललो आम्ही सगळे.

मग त्यांनी गाण्याचं सांगितलं. नवा दाणा घरात आला की म्हणायचं, होळी लगून, म्हणजे होळीपर्यंत. मग बंद. "पानी पडस तव्हय जमीननं पोट भरेल ऱ्हास. तव्हय तिले हाक मारो नही." त्यांच्या सासूने त्यांना असंच शिकवलं. त्यांच्या घरात असंच चालतं. मार्चमध्ये गायच्या आधी त्यांनी हेच सगळं सांगितलं होतं.

मी विचारलं, रुपाला का नाही येत?

"दिवाळी व्हयनी का ती ऊसमा जास. व्हळीले येस. गानं म्हनाना टाइमले ती आठे नही. ती आठे ऱ्हास तव्हय गानं नही."

रुपा दारात उभी होती. तिला अहिराणी कळत नाही. पण स्वतःचं नाव ऐकून आत निघून गेली.

निघताना जमनाबाई म्हणाल्या, "जेवनी का?"

मी खोटं बोलले. जेवले म्हणाले. तरी त्यांनी भाकर वाढली.

१७ जून

गाण्याला महिने बांधून देऊ, असं वाटलं होतं. अमुक तारखेला उघड, अमुक तारखेला मिट. दोन ओळींचा कोड. जमनाबाईंना जाऊन विचारलं, कुठली तारीख टाकू?

त्या म्हणाल्या, "दाना काय तारीख देखीसन येस?"

खरंच. पाऊस लांबला की दाणा लांबतो. म्हणून तारीख नाही. एक वेगळं पान केलं, नऊ चित्रांचं. त्यातल्या चार चित्रांना ठरलेल्या क्रमाने बोट लावलं की गाणं उघडतं, पुन्हा लावलं की मिटतं. क्रम जमनाबाईंनी ठरवायचा. आज त्या आल्या, क्रम ठरवला, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मलाही माहीत नाही.

गाणं मिटलेलं असताना त्यांच्या फोटोला बोट लावलं तर त्यांचाच आवाज येतो, पावरीत — आत्ता नाही, नवं धान्य येऊ दे. हे त्यांनी तीनदा रेकॉर्ड करायला लावलं. दोनदा आवाज गोड आला म्हणून. "रागे भरेल पाहिजे," म्हणाल्या.

आणि इंटरनेटवर नाही. एकदा तिथे गेलेलं परत मिटता येत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. सर्व्हरवरची फाइल काढली. त्यांना म्हटलं, आता गाणं या एकाच मशीनमध्ये आहे, बाकी सगळीकडून काढलं.

त्यांनी मान हलवली.

३० जून

उमाकांत सरांशी बोलले. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. ते वाईट नाहीत.

"गायत्री, तुझं बरोबरही असेल. पण अहवालात मी काय लिहू? सहा महिने कुलूप असलेलं गाणं?"

"तेच लिहा सर. सहा महिने कुलूप असलेलं गाणं."

"आणि ती बाई उद्या नसली तर? मग कधीच उघडणार नाही."

म्हटलं, "मग नाही उघडणार."

मग म्हणाले, पुढची पाच संग्रहालयं दुसऱ्या टीमला देतोय, मनात ठेवू नकोस. इथलं मात्र मार्चपर्यंत माझ्याकडेच.

फोन ठेवून आधी चहा केला. सवयीने दोन कप टाकला.

११ ऑगस्ट

धुकं. पाच दिवस संग्रहालयात एकही माणूस नाही. स्क्रीन पुसली.

२८ ऑगस्ट

गोकुळला विचारलं, आपल्या वावरात कपाशी वेचायला यायच्या त्या बायकांची नावं आठवतात का? तो म्हणाला, "ताई, तुले तठे काय काम नही का?" मग म्हणाला, एक फुलवंताबाई होती. त्याला कडेवर घेऊन हिंडायची.

मला तीही आठवत नाही.

१२ ऑक्टोबर

देणगीदार आले आणि गेले. ढोलावर थापा मारल्या, फोटो काढले. त्यांच्यातल्या एका बाईंनी जमनाबाईंच्या फोटोला बोट लावलं आणि रागावलेला आवाज ऐकून दचकल्या. डोंगरसिंग सरांनी अर्थ सांगितला. बाई म्हणाल्या, "म्हणजे आम्ही चुकीच्या वेळी आलो." सर म्हणाले, "हो, आठ दिवस आधी." ऐकून मला फार बरं वाटलं.

२० ऑक्टोबर

जमनाबाईंच्या घरात नवा दाणा आला. त्या आज खाली उतरल्या, स्क्रीनसमोर उभ्या राहिल्या, आम्हाला सगळ्यांना भिंतीकडे वळवलं आणि गाणं उघडलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग डोंगरसिंग सरांना पावरीत काहीतरी म्हणाल्या. सर हसले — "म्हणतात, दुसऱ्या कडव्यात श्वास चुकला."

रुपाही आली होती. ती परवा-तेरवा निघणार, ऊस सुरू झाला. जमनाबाईंनी तिचा मोबाइल माझ्यापुढे धरला.

"हाईमा टाकी दे."

मी म्हटलं, आपलं ठरलं होतं ना, एकाच मशीनमध्ये?

"ती मशीन नही. मन्ही सून शे. होळी लगून ऐकू दे तिले. मंग ती काढी टाकी."

टाकून दिलं. जून महिन्यात बघितलं होतं तसं रुपाने आज बघितलं नाही. मोबाइल चोळीत ठेवला आणि मला पावरीत एक शब्द म्हणाली. सरांना अर्थ विचारायचा राहून गेला.

१६ नोव्हेंबर

पाड्यावरचे निम्मे लोक गेले. संग्रहालयात रोज दोन-तीन माणसं, म्हातारीच. त्यातली एक रोज येते, गाणं लावते, जमिनीवर बसून ऐकते, जाते. मी तिचं नाव विचारलं. धनुबाई. एवढंच आमचं बोलणं. पण ती आली नाही त्या दिवशी मी दाराकडे बघत होते.

९ डिसेंबर

जमनाबाईंकडे गेले होते. तिथे असतानाच रुपाचा फोन आला, उसाच्या फडातून. कोयत्यांचे आवाज, कुणीतरी कुणाला हाका मारतंय. जमनाबाईंनी फोन कानाला लावला. मग स्पीकर लावायला सांगितला.

रुपा गात होती. तिच्या मागून आणखी बायका, चार-पाच असतील. ऊस तोडता तोडता. चाल जरा जलद झाली होती, कोयत्याच्या वेगाची. जमनाबाईंनी मध्येच थांबवून दुसरं कडवं पुन्हा म्हणायला लावलं. बायकांनी म्हटलं. पुन्हा थांबवलं. पुन्हा म्हटलं.

बॅलन्स संपून फोन तुटला. जमनाबाई मोबाइल मांडीवर ठेवून तशाच बसल्या. मी उठून आले. मी तिथे असायला नको होतं असं वाटलं, आणि असायला मिळालं म्हणूनही बरं वाटलं.

८ जानेवारी

जमनाबाई सकाळी आल्या. म्हणाल्या, "रुपाले येस आते. तिन्हा संगेन्या बायास्ले बी येस. मशीनमातलं काढी टाक."

काढलं. फोटोखाली आता आवाज नाही. रुपाने मोबाइलमधलं आधीच काढलं म्हणे.

मग मी त्यांना सांगितलं. लॅपटॉपमध्ये एक प्रत होती. जूनमध्ये सगळीकडून काढलं म्हणाले तेव्हाही होती. कुणालाच सांगितलं नव्हतं, या वहीलाही नाही. मार्चपासून रोज जेवताना लावायचे. भर पावसाळ्यातसुद्धा. खोलीत कुणीतरी बसलंय असं वाटायचं.

त्यांच्यासमोर तीही काढली. मला वाटलं, उठून जातील.

त्या म्हणाल्या, "इतला दिन ऐकं. येस का मंग तुले?"

म्हटलं, पहिली ओळ.

"मंग म्हन."